काळं तोंड, रुपेरी अंग: बोरिवलीच्या उद्यानात वानरांचे फोटो काढताना

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मुख्य फाटक बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पर्यटकांसाठी ते साधारण साडेसातला उघडतं आणि सोमवारी उद्यान बंद असतं. फोटोग्राफीचं सगळं गणित या वेळेपासून सुरू होतं. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, मे महिन्यात सहाच्या आसपास. म्हणजे जानेवारीत तिकीट काढून आत शिरताना ऊन नुकतं कोवळं असतं, मेमध्ये मात्र ते दीड तास तापून वर आलेलं असतं. त्यात डोंगर पूर्वेला, त्यामुळे हिवाळ्यात फाटकाजवळच्या सपाटीवर ऊन आणखी उशिरा उतरतं. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हेच आमचे खरे महिने. उन्हाळ्यात सकाळपेक्षा दुपारचे साडेचार बरे, फक्त फाटक बंद व्हायच्या वेळेवर एक डोळा ठेवावा लागतो.

ताडोबाला वर्षातून एकदा जाऊन वाघाचा फोटो मिळतो किंवा मिळत नाही. मिळाला नाही तर आपलं काय चुकलं हे कळायला पुढची सफारी लागते. शहरातल्या उद्यानात तसं होत नाही. तोच कळप, तेच झाड, आठवडाभरात पुन्हा संधी. मागच्या रविवारी शटरचा वेग कमी पडला, या रविवारी वाढवला. हात असाच बसतो. वाघ काढायची हौस ज्यांना आहे त्यांनी आधी वर्षभर वानरं काढावीत, असं आमचं ठाम मत आहे.

सामान थोडकंच. क्रॉप सेन्सरचा, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा, कोणताही कॅमेरा आणि ७०-३०० किंवा ५५-२५० मिलिमीटरची लेन्स पुरते. १.५ पटीच्या क्रॉपमुळे ३०० मिलिमीटरला ४५० इतका आवाका येतो. ६०० मिलिमीटरची जड लेन्स इथे उलट अडचण करते. झाडं दाट, रस्ते अरुंद, प्राणी दहा-पंधरा मीटरवर. कित्येकदा वानर फ्रेममध्येच मावत नाही आणि मागे सरकायला जागा नसते. ट्रायपॉड घरी. एका पायाचा मोनोपॉड चालतो, पण वानराने वर उडी मारली की तो आडवा येतो, म्हणून बरेचजण काही दिवसांनी तोही घरीच ठेवतात. लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर काढून टाका. पानांमधून येणारी उन्हाची तिरीप त्यावर आपटली की अख्खा फोटो दुधाळ होतो. लेन्सच्या तोंडावरचा हूड मात्र कायम लावलेला हवा.

पिशवीत खाणं नको. हा नियम आहेच, पण त्यामागचं कारण व्यवहाराचं आहे. लाल तोंडाच्या माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखता येतो. बिस्किटाचं वेष्टन कुरकुरलं की तिघं-चौघं खाली उतरतात आणि मग तुम्ही फोटो काढत नाही, पिशवी सांभाळता. लेन्सचं कापडसुद्धा कुरकुरणाऱ्या पाऊचमध्ये ठेवू नये. पाण्याची बाटली सॅकच्या आत.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा गळ्यात नुसता लटकू द्यावा आणि कान लावावेत. वानरांचा कळप दिसण्याआधी ऐकू येतो. फांदीवर धप्पकन पडल्याचा आवाज, मग पानांची सळसळ, मग खाली गळणारी पानं आणि अर्धवट खाल्लेली फळं. वानर खाणारं कमी, सांडणारं जास्त. त्या सांडलेल्यावर चितळं येतात. म्हणून वर वानरं चरताना दिसली की लगेच झाडाखाली बघायचं. उंबराखाली फळं पिकलेल्या दिवसांत हे दृश्य हमखास मिळतं. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर आणि पुढे पळस फुलला की फुलांवर पाखरं, पाकळ्यांवर वानरं. कोणतं झाड कोणत्या आठवड्यात फुललं हे वहीत लिहून ठेवावं. दुसऱ्या वर्षी ती वही कोणत्याही लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आता आकडे. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, त्याची वरची मर्यादा ६४००. अॅपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक) सगळ्यात मोठं, म्हणजे अशा लेन्सवर ३०० मिलिमीटरला बहुधा एफ ५.६. मग हातात उरतो तो शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड सेकंदाचा कितवा भाग पडू द्यायचा ते. बसलेल्या वानराला १/२५०, पण लेन्सला स्टॅबिलायझेशन असेल तरच. चालणाऱ्या चितळाला १/५००. वानराच्या उडीला १/१६०० च्या खाली जाऊ नये. सकाळी आठच्या आत, दाट झाडीखाली, एफ ५.६ आणि १/५०० ठेवलं तर आयएसओ ३२०० च्या आसपास जातो. नवखे हा आकडा बघून घाबरतात आणि शटर १/१०० वर आणतात. इथेच बहुतेक फोटो वाया जातात. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, वानराची मान सावरत नाही. ते पानं चावत असतं तेव्हा डोकं सतत हलतं आणि १/१०० ला डोळ्याच्या जागी फक्त एक तपकिरी रेघ उरते. आयएसओ वाढल्याने फोटोत आलेले दाणे घरी बसून कमी करता येतात, हललेला डोळा कशानेही परत येत नाही.

फोकस कंटिन्युअस मोडवर, म्हणजे प्राणी हलला की फोकसही हलेल असा, आणि एकच पॉइंट. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा शोधण्याची सोय असते. चितळावर ती चांगली चालते, वानराच्या काळ्या तोंडावर अंधारात गोंधळते आणि रुपेरी भुवईच्या केसांना धरून बसते. तेव्हा ती बंद करून पॉइंट स्वतः डोळ्यावर ठेवावा. शटरच्या बटणावरून फोकस काढून मागच्या बटणावर दिलं की गवताची काडी मध्ये आली तरी फोकस उडत नाही, कारण अंगठा उचलला की तो तिथेच थांबतो. सवय व्हायला दोन-तीन रविवार जातात.

आता मुख्य दुखणं: काळं तोंड, रुपेरी अंग. कॅमेऱ्याचं मीटर फ्रेमचा एकूण उजेड बघून हिशेब करतं, त्याला वानर कळत नाही. म्हणून तीन प्रसंग वेगवेगळे धरावे लागतात. पहिला, वानर उन्हाच्या कवडशात बसलंय आणि मागे गर्द झाडी. मीटरला फ्रेम काळोखी वाटते, ते उजेड वाढवतं आणि अंगावरचे केस पांढरेफटक जळतात. इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबात आपण केलेली उजेडाची वाढ-घट) उणे १, कधी उणे १.३. दुसरा प्रसंग, वानर उंच फांदीवर आणि मागे उघडं आभाळ. इथे उलटं: मीटर उजेड कमी करतं आणि वानराचा नुसता काळा आकार उरतो. अधिक १ ते अधिक १.७ द्यावं, आभाळ पांढरं झालं तर होऊ द्यावं. नाहीतर सरळ छायाचित्र सोडून छायाकृतीच काढावी, शेपटीचा बाक आभाळावर छान उमटतो. तिसरा प्रसंग म्हणजे सारखी सावली, आणि तोच सगळ्यात चांगला. ऊन कुठेच नाही, अंग आणि तोंड यांच्यातला फरक कॅमेऱ्याच्या आवाक्यात असतो. इथे शून्य किंवा अधिक ०.३ पुरतं.

म्हणून ढगाळ दिवस वाया गेला असं म्हणू नये. वानरांसाठी तो सणच.

पण एक्स्पोजर बरोबर असूनही तोंडाच्या जागी भोक दिसतं, असं होतं. कारण डोळ्यात ठिपका नसतो. वानराचे डोळे तपकिरी, खोल आणि वर भुवयांची झालर. वानर खाली मान घालून खात असतं तेव्हा आभाळाचा उजेड डोळ्यापर्यंत पोचतच नाही. शेजारच्या फांदीवर काही खुट्ट झालं की ते मान वर करतं, आणि तेवढा एक क्षण डोळ्यात आभाळाचा पांढरा ठिपका चमकतो. तो ठिपका आला की काळं तोंड एकदम गोल दिसायला लागतं, नाकाचा उंचवटा कळतो, ओठांवरचे बारीक केस कळतात. त्या क्षणासाठी बोट शटरवर ठेवून बसायचं. पाच-सहा फोटोंची एक छोटी झोड पुरे. शंभर फोटो सलग मारले तर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतं आणि नेमकी मान वर होते तेव्हा कॅमेरा लिहीत बसलेला असतो.

पानांखालच्या उजेडात हिरवी झाक असते आणि रुपेरी अंगावर ती लगेच कळते. वानर शेवाळल्यासारखं दिसतं. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल काढत असाल तर घरी टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) थोडा मॅजेंटाकडे सरकवला की जाते. जेपीईजीमध्ये हे करायला गेलं की केस चिखलासारखे होतात. आणखी एक गंमत म्हणजे नवजात पिल्लू. त्याचं अंग काळपट तपकिरी आणि तोंड फिकट गुलाबी, म्हणजे आईच्या बरोबर उलट. आईच्या कुशीत पिल्लू असेल तर एक्स्पोजर आईच्या अंगासाठी धरावं, पिल्लाचा काळेपणा रॉमध्ये उजळता येतो. पिल्लू एका मादीकडून दुसरीकडे दिलं जातं, त्या देवाणघेवाणीत हात आणि चेहरे एकत्र येतात. मात्र फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे किती भाग स्पष्ट येतो ते, तपासा. ३०० मिलिमीटर, एफ ५.६ आणि आठ मीटर अंतर असेल तर क्रॉप सेन्सरवर जेमतेम १६ सेंटिमीटर खोली मिळते. आईचा डोळा स्पष्ट, पिल्लाचा धूसर. तेच अंतर १५ मीटर केलं तर खोली अर्ध्या मीटरहून थोडी जास्त होते. म्हणजे दोघांचा फोटो हवा असेल तर जवळ जाण्यापेक्षा मागे सरकणं फायद्याचं. बसलेलं वानर साधारण ६० सेंटिमीटर उंच धरलं तर १५ मीटरवरूनही ते फ्रेमची तीनचतुर्थांश उंची भरतं. त्याहून जवळ जायचं कारणच काय?

जवळ न जाण्याचं दुसरं कारण माकडं. लाल तोंडाचं माकड दात दाखवतं ते हसत नाही, ते घाबरलेलं असतं. नराने मोठी जांभई दिली तर त्याला झोप आलेली नसते, तो सुळे दाखवतोय. भुवया वर करून रोखून बघणं ही धमकी. आणि आपण काय करतो? एक भलामोठा काचेचा डोळा त्याच्यावर रोखून धरतो. अशा वेळी कॅमेरा खाली घ्यावा, नजर बाजूला वळवावी आणि सावकाश मागे सरकावं. पळू नये. पिल्लू एकीकडे आणि आई दुसरीकडे असेल तर दोघांच्या मध्ये कधीही उभं राहू नये, एवढं पाळलं तरी बहुतेक प्रसंग टळतात.

प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेला फोटो चांगला दिसतो, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. वरून खाली काढलं की मागे नुसता पाचोळा येतो, खाली बसलं की पार्श्वभूमी दूर जाते आणि मऊ होते. कचरापेटी, रेलिंग, पाटी या उद्यानातल्या कटकटीही दोन पावलं बाजूला सरकून उकिडवं बसलं की गवताआड जातात. पण बोरिवलीत या नियमाला एक आडकाठी आहे. इथे बिबटे आहेत. बसलेला किंवा वाकलेला माणूस उभ्या माणसापेक्षा लहान दिसतो, आणि झुडपाकडे पाठ करून उकिडवं बसणं ही पहाटे किंवा तिन्हीसांजेला सगळ्यात वाईट जागा. आमची पद्धत अशी: खाली बसायचं तर उघड्या जागेवर, ऊन वर आल्यावर, पाठीशी मोकळा रस्ता किंवा भिंत ठेवून. बरोबरचा माणूस उभा, आणि त्याने व्ह्यूफाइंडरमध्ये बघायचं नाही, झाडीकडे बघायचं. बसणाऱ्याने पाच मिनिटांनी उठायचं. एकट्याने आला असाल तर उभ्यानेच काढा, कॅमेऱ्याचा स्क्रीन बाहेर वळत असेल तर तो कमरेपाशी धरून काढा. फोटो थोडा कमी चांगला येईल, बास.

वानरांनी अचानक एकसुरात खॉक-खॉक सुरू केलं, चितळाने शेपटी उभारून कर्कश हाक दिली, तर त्या दिशेला बिबट्या शोधायला निघू नये. बिबट्याचा फोटो हा पायी फिरणाऱ्या हौशी माणसाचा विषय नाही. प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा स्वतःचा ट्रॅप कॅमेरा झाडाला बांधण्याचा मोहही नको, तो परवानगीचा मामला आहे.

चितळ त्यामानाने सोपं. नराची खांद्याशी उंची साधारण ९० सेंटिमीटर, २५ मीटरवरून ३०० मिलिमीटरला फ्रेम छान भरते. ठिपके पांढरे असल्यामुळे उन्हात आधी तेच जळतात, तेव्हा उणे ०.७ वर ठेवून जळलेल्या भागांची स्क्रीनवरची लुकलुक तपासावी. चितळांत शिंगांचा काळ सगळ्यांचा एकसारखा नसतो. एकाची शिंगं कडक झालेली, दुसऱ्याची अजून मखमलीत, म्हणजे वाढत्या शिंगांवरच्या मऊ कातडीत. मखमलीतली शिंगं मागून ऊन येत असताना काढावीत, कडेने सोनेरी रेघ उमटते. कडक शिंगांचा नर मागच्या पायांवर उभा राहून फांदीला डोकं घासतो, तो प्रकार दोन-तीन सेकंद टिकतो. त्यासाठी शटर आधीपासून १/१००० वर असावा आणि फ्रेममध्ये वर जागा सोडलेली असावी. नाहीतर पाय स्पष्ट आणि शिंगं कापलेली, हा फोटो सगळ्यांकडे एकतरी असतो.

दहानंतर उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या डांबरी रस्त्यावरून लांबचं काही काढू नये. डांबर तापलं की त्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या लेन्सला ती थरथर स्पष्ट दिसते. फोटो मऊ येतो, माणूस लेन्सला दोष देतो आणि सर्व्हिस सेंटरला घेऊन जातो. लेन्सला काही झालेलं नसतं.

पावसाळा फोटोंसाठी सुंदर आणि काचेसाठी घातक. एसीच्या खोलीतून थेट बाहेर आणलेल्या लेन्सवर मिनिटात वाफ धरते, म्हणून निघायच्या अर्धा तास आधी बॅग एसीबाहेर ठेवावी, चेन बंद ठेवूनच. भिजून आल्यावर ओला कॅमेरा बॅगेत कोंबून झोपू नये. पुसून, पंख्याखाली तासभर ठेवून मगच डब्यात. मुंबईच्या दमट हवेत बंद कपाटातल्या लेन्सवर बुरशीचं जाळं पडायला एक पावसाळा पुरतो. ड्राय कॅबिनेट घ्यायचं नसेल तर हवाबंद प्लास्टिकचा डबा, पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. रंग बदलणारं सिलिका जेल ओलावा पिऊन गुलाबी झालं की मंद आचेवर भाजून पुन्हा निळं करता येतं, पण स्वयंपाकाची कढई त्यासाठी वापरू नये. चामड्याचं कव्हर डब्यात ठेवू नये, बुरशी आधी त्यालाच धरते. पावसाळ्यात आणि नंतर गवतात गोचिडी असतात. पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर घोटे, गुडघ्यामागची जागा तपासा.

कायद्याबद्दल एकच गोष्ट, कारण ती फार कमी जणांना ठाऊक असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती नाही. प्राण्याला हाकणं, आमिष दाखवणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही त्यात येतं. तेव्हा फोटोसाठी केळं टाकणं, टाळ्या वाजवून कळप उठवणं, घरट्यासमोरची फांदी ‘जरा’ बाजूला बांधणं हे नुसतं वाईट वागणं राहत नाही. बांधलेल्या फांदीमुळे पिल्लांवर ऊन येतं आणि कावळ्याला वाट सापडते. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणंही नको. फ्लॅश बॅगेतच राहू द्या. उद्यानातल्या शिलोंड्याकडच्या निसर्गवाटेला उद्यानाची परवानगी घेऊनच जावं.

घरी आल्यावर खरं काम सुरू होतं. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल सुमारे २५ एमबी धरली तर ३०० फोटोंचे साडेसात जीबी. त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी आणि मग छाटणी. पहिल्या फेरीत फक्त डोळा, तोही शंभर टक्के मोठा करून. डोळा धूसर तर फोटो बाद, भाव कितीही सुरेख असो. दुसऱ्या फेरीत पार्श्वभूमी: वानराच्या डोक्यातून उगवलेली फांदी, कानामागे दिसणारी पर्यटकाची लाल टोपी. तिसऱ्या फेरीत एकसारख्या सहांतला एक ठेवायचा. ३०० मधून दहा-बारा उरले तर सकाळ चांगली गेली.

उरलेल्यांची वहीत नोंद: तारीख, वेळ, झाड, शटर, आयएसओ, आणि बाद झालेल्यांचं कारण. ‘हललं’, ‘जळलं’, ‘फोकस फांदीवर’ एवढे तीन शब्द पुरतात. चार रविवारांनी पान उलटून मोजायचं. ‘हललं’ सगळ्यात जास्त वेळा आलं असेल, तर पुढच्या खेपेला फाटकातून आत पाऊल टाकायच्या आधीच शटर १/५०० वर.